उजेड कुठल्या बाजूनं आला?

माझ्या डोळ्याची गोष्ट निघाली की बायका आधी विचारतात, लय दुखलं का वं? दुखलं. पण दुखणं थांबलं तरी भीती थांबली नाही, ती अजून आहे. ज्यांच्या डोळ्यात काही गेलं आहे आणि जे 'पाहू उद्या' म्हणत बसले आहेत, ज्यांचं माणूस डोळ्यांच्या वॉर्डात पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी वनिता. घाटंजी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. दहावीपर्यंत शिकले, लग्न झालं, आणि तेव्हापासून लोकांच्या शेतात कामाला जाते. नवरा प्रकाश घाटंजीला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. मुलगी पल्लवी बारावीत होती, तेव्हाची ही गोष्ट.

कुटार

सोयाबीनची मळणी चालली होती. शेत कल्पनाताईंचं. गावातली सगळ्यात मोठी शेती त्यांची. वयानं माझ्याच बरोबरीच्या, कामावरच्या बायांशी नीट बोलणाऱ्या. त्या दिवशी चहा घेऊन आल्या आणि थ्रेशरजवळ उभ्या राहिल्या. मी ढिगातलं सोयाबीन उचलून मशीनपाशी देत होते. मशीन मध्येच अडकलं, घरघरलं, आणि एकदम कुटाराचा लोट अंगावर आला. कुटार म्हणजे शेंगांचा आणि काड्यांचा भुसा. "माय वं!" करून आम्ही दोघींनी एकदमच डोळ्यावर हात नेला. त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं, माझ्या डाव्या.

त्यांचे मालक धावत आले. बाटलीतल्या पाण्यानं त्यांचा डोळा धुतला, कोणाला तरी फोन केला, गाडी बांधापर्यंत आणली. "नागपूरले दाखवूनच येतो," असं माणसांना सांगून ते गेले.

मी ड्रमातल्या पाण्यानं डोळा धुतला. खुपत होतं. दुपट्टा तिरपा बांधून डोळा झाकला आणि दिवस मावळेपर्यंत काम केलं. मला कोणी थांब म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कुटार दर मोसमात डोळ्यात जातं.

"बरा आहे"

डोळा लाल झाला. मग लालच राहिला. सोयाबीन संपून कापसाची वेचणी लागली होती. कल्पनाताई नागपूरहून परत आल्या त्या काळा चष्मा लावून, आणि थोड्या दिवसांनी तो चष्माही गेला. एकदा शेतात त्यांनी विचारलं, "वनिता, तुयाही डोळ्यात गेलतं ना? कसा आहे आता?"

"बरा आहे ताई," मी म्हटलं.

बरा नव्हता. बाजाराच्या दिवशी मी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं लांबूनच डोळा पाहिला आणि थेंबांची बाटली दिली. दोन दिवस इतकं बरं वाटलं की मी त्या दुकानदाराला मनातून दुवा दिली. लाली गेली. मग एका सकाळी पल्लवी माझी वेणी घालत होती, ती समोर आली आणि तिचा हात थांबला.

"आई, तुया बुबुळावर पांढरं काई आहे."

"चिपड असन."

"चिपड नाही आई. आतमंदी आहे."

त्या दिवसापासून उजेड माझा वैरी झाला. दार उघडलं की डोळ्यात काटा मोडल्यासारखं व्हायचं. आमच्या घराला एक दार आणि पत्र्याचं छप्पर. पत्र्याला जिथं जिथं भोकं पडली आहेत तिथून उन्हाच्या बारीक रेघा खाली येतात. आधी मला त्या आवडायच्या, भिंतीवर त्या किती सरकल्या त्यावरून मी वेळ ओळखायची. आता मी त्या चुकवत घरातल्या घरात सरकत होते. शेवटी धान्याच्या कोठीमागं, जिथं काहीच पोचत नाही, तिथं डोक्यावरून लुगड्याचा पदर घेऊन बसले. चांगला डोळा उघडला तरी आजारी डोळा आतून जळायचा.

प्रकाश म्हणाला, "जिनिंगचा सीझन आहे. रविवारी जाऊ."

पल्लवी म्हणाली, "बाबा, रविवारी ओपीडी बंद राह्यते. आजच जाऊ."

तिच्या आवाजात काय होतं कोणास ठाऊक, प्रकाश उठला आणि सदरा घातला.

भाकरीवर येते ती

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी माझी हनुवटी एका मशीनवर टेकवायला सांगितली आणि उजेडाची एक उभी फट माझ्या डोळ्यावर धरली. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "थोडं सहन करा ताई, मला बघू द्या," आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

"काय गेलं होतं डोळ्यात?"

"कुटार, मॅडम."

"कधी?"

मी सांगितलं. त्यांनी वर पाहिलं. "आणि आजपर्यंत काय घातलंत?"

मी पिशवीतून बाटली काढून दिली. ती पाहून त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघं इंग्रजीत बोलू लागले. मला इंग्रजी येत नाही, पण बोलता बोलता त्यांचा आवाज हळू झाला एवढं समजलं.

बुबुळावरून थोडं खरवडून तपासायला घ्यायचं ठरलं. बधिर करायचे थेंब टाकले आणि पापण्या उघड्या ठेवायला तारेचा एक चिमटा लावला. आयुष्यात पहिल्यांदा मला डोळा मिटता येत नव्हता. खरवडायचं पातं समोरून आलं, जवळ येता येता मोठं झालं, आणि मग नुसतं चमकणारं धुकं झालं. दुखलं नाही. पण ते येताना दिसत होतं. मी पल्लवीचं मनगट इतकं दाबलं की तिथं वळ उठले.

थोड्या वेळानं मॅडम परत आल्या. "बुरशी आहे," त्या म्हणाल्या.

"भाकरीवर येते ती?"

"तशीच. कुटाराबरोबर आत गेली. आणि तुम्ही जे थेंब घातले ना, त्यांनी लाली दबली, पण बुरशीला मोकळं रान मिळालं."

प्रकाशनं विचारलं, "डोळा वाचन का मॅडम?"

"औषधानं बुरशी मेली तर डोळा राहील. नजर किती राहील ते आज सांगता येणार नाही."

"आन नाही मेली तं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रकाशकडे. "तर डोळा काढावा लागू शकतो."

घरी शिळ्या भाकरीवर बुरशी दिसली की आम्ही तेवढा तुकडा मोडून टाकतो आणि उरलेली खातो. त्या बाकावर बसून मला तेवढंच आठवत राहिलं. तुकडा मोडून टाकणं.

वॉर्ड

वॉर्डाच्या खिडक्यांना हिरवे पडदे होते. माझी खाट भिंतीकडची. दर तासाला एक पांढरा, दुधासारखा थेंब डोळ्यात जायचा आणि जाताना आग लावून जायचा. सकाळी सिस्टर यायच्या, मग मॅडम टॉर्च घेऊन, मग खिचडी. पल्लवी खाटेजवळ सतरंजी टाकून बसायची. कॉलेज बुडत होतं. तिनं मोबाईलमध्ये दर तासाचा गजर लावला होता. तो वाजला की मी आगीला भ्यायची नाही, प्रत्येक थेंबाबरोबर कान देऊन ऐकायची की आत बुरशी मरते आहे की वाढते आहे. जसं काही ऐकू येणार होतं.

उजव्या डोळ्याची भीती त्याहून वाईट. तो चांगला होता, तरी मी सारखी तपासायची. पंख्याची पाती दिसतात का. समोरच्या भिंतीवरची पाटी वाचता येते का. जरा पाणी आलं की वाटायचं, लागली यालाही. मॅडम म्हणाल्या, "ही एका डोळ्यातून दुसऱ्यात अशी जात नाही." मी मान हलवली आणि त्या गेल्यावर पुन्हा पाटी वाचली.

शेजारच्या खाटेवर आत्राम आजी होत्या. झरी जामणीकडच्या, जंगलातल्या गावातून आलेल्या कोलाम म्हातारीबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. किती वर्षं झाली, कोणी आणणारंच नव्हतं. मुलगा जंगलच्या कामावर, सून मजुरीला. "नातू चालाले लागला," त्या म्हणाल्या, "मी त्याले हातानं पाह्यलं." आम्ही दिवसभर बोलायचो. त्यांच्यासाठी मी नुसता आवाज होते.

त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आजींनी आधी छताकडे पाहिलं, आपले हात उलटेपालटे करून पाहिले आणि मग माझ्याकडे वळल्या.

"तूच का वनिता? मी तं तुले म्हातारी समजत होती! पोट्टी आहे तू तं!"

अख्खा वॉर्ड हसला. मी किती दिवसांनी हसले. आजींनी खाटेवरून वाकून माझी हनुवटी धरली आणि माझा डोळा पाहिला, आणि त्यांचं हसू गेलं.

"लय पांढरं आहे वं," त्या हळूच म्हणाल्या.

त्या घरी गेल्या त्या दिवशी मी तोंडावर पदर घेऊन पडून राहिले. पल्लवीला वाटलं आजी गेल्या म्हणून. मी विचार करत होते की इतक्या थोड्या वेळात जो अंधार निघाला, तो त्या बाईनं इतकी वर्षं का सोसला. आणि मला उत्तर माहीत होतं म्हणून आणखी भीती वाटत होती.

दोघींचे डोळे

एका दुपारी कल्पनाताई आल्या. सफरचंदं घेऊन. त्यांना वॉर्डात पाहून मी उठून बसायला लागले, त्यांनी बसू दिलं नाही. त्यांचा उजवा डोळा माझ्यासमोर होता. स्वच्छ. पांढरा तिथं पांढरा, काळा तिथं काळा. मी त्याच्याकडेच पाहत होते, ते त्यांना कळलं.

"मले नागपूरच्या डॉक्टरनं लगेच काडी काढून देल्ली होती," त्या म्हणाल्या. "आठ दिवस औषध घातलं. बास." मग म्हणाल्या, "मी तुले विचारलं होतं ना वनिता. तू बरा आहे म्हटलं."

"हाव ताई, म्हटलं."

"काहून म्हटलं असं?"

पल्लवी सफरचंद धूत होती, तिनं पाणी बंद केलं.

"बरा नाही म्हटलं असतं तं तुमी म्हटलं असतं, घरी राय," मी म्हटलं. "मंग माया ओळीवर दुसरी आली असती."

कल्पनाताईंनी सफरचंदांची रिकामी पिशवी घडी करून उशाशी ठेवली. मग उठल्या, माझ्या पायाशी पांघरूण नीट केलं आणि गेल्या. मला वाटलं, आता ही बाई मला कामाला बोलावणार नाही. डोळा जाईल का, या भीतीत ही एक आणखी.

संध्याकाळी प्रकाश आला. त्याला जिनिंगच्या मुकादमानं सुट्ट्यांवरून ऐकवलं होतं. तो खाटेच्या कडेला बसून म्हणाला, "एका डोळ्यानंही लोकं जगतात, वनिता."

"तुमचा जाऊ द्या मंग एक," मी म्हटलं.

तो उठून बाहेर गेला. पल्लवी त्याच्यामागं गेली आणि परत येऊन म्हणाली, "आई, बाबा जिन्यात बसून रडून राह्यले."

फूल

बुरशी मेली. डोळा काढावा लागला नाही. मॅडमनी ते सांगितलं तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकले, त्या मागं सरकल्या. "पण पांढरा डाग राहणार," त्या म्हणाल्या. आमच्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. इतकं चांगलं नाव त्याला कोणी दिलं कोणास ठाऊक.

घरी आले. चहा ओतताना तो कपाच्या शेजारी पडायचा. वेचताना बोंड समोर दिसायचं आणि हात त्याच्या अलीकडेच मिटायचा. लहान मुलं माझ्याकडे पाहून आईमागं लपायची. आणि डावा डोळा म्हणजे नुसतं धुकं. दिवस आहे की रात्र, एवढंच त्याला कळायचं.

तपासणीला गेले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बुबुळावर नवी काच बसवता येईल. पण आधी आतला पडदा जिवंत आहे का ते बघावं लागेल. तो मेला असेल तर वरची काच बदलून उपयोग नाही."

मला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. सिस्टरनं माझा चांगला डोळा तळव्यानं गच्च झाकला. मॅडम म्हणाल्या, "मी टॉर्च धरते. उजेड कुठल्या बाजूनं आला ते सांगा. बस एवढंच."

पल्लवी दाराशी उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"आता?"

"वरून."

"आता?"

"इकडून. उजवीकडून."

"छान. आता?"

"खालून."

सगळं बरोबर येत होतं आणि मला काही तरी चुकतं आहे असं वाटत होतं. मग लक्षात आलं. मॅडमच्या हातात काचेची बांगडी होती, ती घड्याळाला लागून बारीक किणकिणत होती. हात वर गेला की वर, खाली आला की खाली. अंधारात बसून बसून माझे कान फार तीक्ष्ण झाले होते. मी पाहत होते की ऐकत होते?

गप्प बसले असते तर मॅडमनी लिहून टाकलं असतं की पडदा चांगला आहे. पण मग कोणाची तरी काच माझ्या मेलेल्या डोळ्यावर बसवली असती, आणि पट्टी काढल्यावरही अंधारच. त्या अंधाराचं मला जास्त भ्या वाटलं.

"मॅडम, थांबा."

"काय झालं?"

"तुमची बांगडी वाजते. मी डोळ्यानं सांगून राह्यली का कानानं, ते मलेच समजून नाही राह्यलं."

"आई!" पल्लवी दाराकडून म्हणाली. असं म्हणाली, जसं मी हातातलं भांडं मुद्दाम पाडलं.

बांगडी काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग कसलाच आवाज आला नाही.

"आता?" त्या म्हणाल्या.

धुकं. नुसतं करडं धुकं. मी डोळा ताणला. काहीच बदललं नाही.

"काही नाही मॅडम," मी म्हटलं, आणि रडू आलं. "काहीच नाही दिसून राह्यलं."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "टॉर्च लावलीच नव्हती. रडू नका, डोळ्यात पाणी नको. आता?"

थोडा वेळ गेला. मग धुक्याची एक कड पांढरी झाली. अगदी थोडी. दूध फाटायच्या आधी कडेला जसं दिसतं तसं.

"खालून."

"आता?"

"डावीकडून. हळू हळू वर चालली."

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि खोलीतला दिवा लावला.

मग त्यांनी पल्लवीला जवळ बोलावून तिचाच मोबाईल हातात घेतला आणि समजावलं: "कॅमेऱ्यावरची काच घासून घासून पांढरी झाली तर फोटो धुरकट येतो. आतला कॅमेरा चांगला असतो, उजेड येतोही, पण वाटेत विस्कटतो आणि चित्र उमटत नाही. तुमच्या आईचं तसंच आहे. वाट साफ करायची आहे."

"नवी काच कुठून आनतेत?" मी विचारलं.

"मेलेल्या माणसाकडून. त्याच्या घरच्यांनी दिली तर."

"मंग त्यानं जे पाह्यलं, ते मले दिसन का?"

त्या हसल्या नाहीत. "काचेला काही आठवत नसतं, वनिताताई."

मागची सीट

नागपूरच्या दवाखान्यात काचेसाठी नाव लागलं. मग नुसती वाट पाहणं. वाट पाहण्याचं मला वेगळंच भ्या होतं, कारण मी कोणाच्या तरी मरणाची वाट पाहत होते. कुठं कोणी गेल्याचं कानावर आलं की मनात चमकायचं, आणि मग विहारात वंदनेला बसल्यावर मान वर करवायची नाही.

फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. संध्याकाळच्या आत पोचा, काही खाऊ नका. पोचला नाहीत तर पुढच्या नावाला बोलवावं लागेल. प्रकाश जिनिंगमध्ये. एसटी निघून गेली होती आणि पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता. मी कपडे पिशवीत कोंबत होते. पल्लवी न सांगता कुठं तरी पळाली. थोड्या वेळानं दाराशी गाडी थांबली. मागं कल्पनाताई बसल्या होत्या आणि पल्लवी पुढं, ड्रायव्हरशेजारी.

"चाल," कल्पनाताई म्हणाल्या.

त्या गाडीत मी पहिल्यांदा बसले. काचा काळसर होत्या, बाहेरचं ऊन आत येताना मऊ होऊन येत होतं. डोळ्याला काहीच टोचत नव्हतं. यवतमाळ मागं पडलं, कळंब मागं पडलं. मी सारखी किती वाजले विचारत होते आणि पल्लवी सारखी सांगत होती.

मग कल्पनाताई खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "त्या दिवशी तुले बरोबर घ्याले पाह्यजे होतं, वनिता. मागची सीट पुरी रिकामी होती."

मी म्हटलं, "हाव."

एवढंच म्हटलं. आत खूप काही होतं. ती सीट रिकामी होती हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, एकाच उघड्या डोळ्यानं. राग होता. त्या आल्या म्हणून उपकारही वाटत होते. आणि एक बारीक हिशेबी भीतीही होती, की आत्ता जास्त बोलू नये, गाडी अजून नागपूरला पोचायची आहे. हे लिहायला मला चांगलं वाटत नाही, पण तसंच होतं.

आम्ही वेळेत पोचलो.

पट्टी

डोळ्याजवळ सुई दिली, तोंडावर कापड टाकलं, एका डोळ्यापुरतं भोक. माणसं वर बोलत होती. "हलू नका," एवढंच मला सांगितलेलं. मला खोकला आला तर, शिंक आली तर, असा विचार करत करत मी दगडासारखी पडून राहिले. ज्याची काच होती तो बाप्या होता की बाई, म्हातारं की तरणं, कोणी सांगितलं नाही. सांगत नाहीत. मी त्या कापडाखाली एवढाच विचार करू शकले की आज सकाळी एका घरात सगळे रडत असताना कोणी तरी 'हो, न्या' म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मी डोळा उघडला नाही. उघडवेचना. डॉक्टर म्हणाले, "उघडा." पल्लवी म्हणाली, "आई, उघड ना."

आधी नुसता उजेड आला, इतका की मी मान मागं घेतली. मग त्या उजेडात एक हिरवं काही हललं. हिरवं होतं, हे मला कळलं. धुकं नव्हतं, रंग होता.

"तुयी ओढणी का?" मी विचारलं.

पल्लवीनं ओढणी तोंडात धरली होती.

बोटं मोजता आली. पाटीवरची अक्षरं नाही आली. डॉक्टर म्हणाले, टाके आहेत, महिने लागतील, घाई करू नका. दिव्याभोवती कडी दिसत होती, माणसांना चेहरे नव्हते. तरी मी दिवसभर त्या वॉर्डात नुसती पाहत बसले. पंखा. बादली. सिस्टरच्या पायातल्या चपला.

पुन्हा

निघताना त्यांनी सांगितलं होतं, डोळा लाल झाला, उजेड टोचला, दुखलं, धूसर झालं, यातलं एकही झालं तरी त्याच दिवशी यायचं. शरीर नव्या काचेला परकं समजू शकतं. थ्रेशरजवळ जायचं नाही, धुळीत चष्मा लावायचा.

मी चष्मा लावून वेचणीला जायला लागले होते. पुढच्या हंगामातली गोष्ट, कल्पनाताईंच्याच शेतात. भर दुपारी पांढऱ्या कापसावरचं ऊन डोळ्याला टोचलं. मी चष्मा काढला, पुसला, लावला. पुन्हा टोचलं. चांगला डोळा झाकून पाहिलं तर पुढच्या ओळीतल्या बाईच्या पातळाची फुलं पुसट झालेली.

मी ओळीतच खाली बसले.

"काय झालं वं?" शेजारची म्हणाली. "ऊन लागलं का? पाणी पे. दिवस मावळाले येऊ दे, मंग जाजो."

मी कापूस वेचून भरायची कमरेची ओटी सोडली, कापसासकट तिथंच ठेवली आणि सडकेकडे निघाले. कोणाला विचारलं नाही. सडकेवर एक टेम्पो थांबला, मग घाटंजीहून एसटी. यवतमाळला उतरले तेव्हा ओपीडी संपत आली होती. मॅडम पर्स घेऊन निघाल्या होत्या. मला दारात पाहून त्यांनी पर्स खाली ठेवली.

हनुवटी मशीनवर. उजेडाची फट. त्यांचं गप्प राहणं. मी त्या गप्प राहण्यात मेले आणि जिवंत झाले.

"शरीरानं काच नाकारायला सुरुवात केली आहे," त्या म्हणाल्या. "दर तासाला थेंब घालावे लागतील. आवरेल. आज आलात म्हणून आवरेल."

आवरलं.

मी लोकांना सांगते, डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, दुकानातून थेंब आणू नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. सांगताना मला ठाऊक असतं मी कोणाला सांगते आहे. अर्ध्या दिवसावर ओटी सोडून निघणं म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको. समोरची बाई मान हलवते आणि मला दिसतं की ती जाणार नाही. म्हणून आता नुसतं सांगत नाही. गेल्या मळणीत कामावरच्या गंगूच्या डोळ्यात कुटार गेलं, तर तिचा हात धरून मी सरळ कल्पनाताईंच्या अंगणात जाऊन उभी राहिले. "गाडी काढा ताई," म्हटलं. बोलताना माझा आवाज कापत होता. त्यांनी गाडी काढली.

माझा डोळा आज आहे. उद्याचं मॅडमही सांगत नाहीत. रोज सकाळी उठल्यावर, कोणाशी बोलायच्या आधी, मी चांगला डोळा तळव्यानं झाकते आणि दाराकडे पाहते. झाकल्यावर आणि पाहायच्या आधी एक क्षण असतो, त्यात मला श्वास घेववत नाही. मग चौकट दिसते, चौकटीतला उजेड दिसतो, आणि अंगणात तोंड धूत असलेला प्रकाश दिसतो. तो आताशा माझ्याकडे वळून पाहतो आणि तोंडावर पाणी तसंच ठेवून विचारतो, "दिसून राह्यलो का?"

"हाव," मी म्हणते. मग चूल पेटवते.